मूळ प्रत कोणती? : एका शर्यतीच्या मोटारीचे मूल्य

अमेरिकेतील टेक्सास राज्यात व्हिक्टोरिया नावाचे गाव आहे. तेथील हायस्कूलला १९६४ साली एक वापरलेली इटालियन मोटार देणगीदाखल मिळाली. मोटारदुरुस्तीच्या वर्गातील मुलांना हात चालवायला ती उपयोगी पडेल, एवढाच हेतू. ती मोटार म्हणजे ‘फेरारी २५० जीटीओ’, चासी क्रमांक ३५८९. दोनच वर्षांपूर्वी ती इंग्लंडमधील शर्यतींत धावली होती. शाळेने १९७२ साली ती साडेसहा हजार डॉलरना विकली. पुढच्या मालकाने ती ओहायो राज्यात उघड्यावर, एका ट्रेलरवर ठेवून दिली आणि ऊनपावसात ती तशीच सुमारे पंधरा वर्षे उभी राहिली. याच कुळातील दुसरी एक मोटार २०१८ साली कॅलिफोर्नियातील लिलावात ४ कोटी ८४ लाख ५ हजार डॉलरना गेली.

शाळेच्या व्यवहारज्ञानाला हसणे सोपे आहे. पण १९७२ साली तिने ठरवलेली किंमत त्या काळच्या बाजाराला फारशी सोडून नव्हती. मोटार तीच, ॲल्युमिनियमचा पत्रा तोच, बारा सिलिंडरांचे तीन लिटरचे इंजिनही तेच. मग मधल्या काळात वाढले ते नेमके काय? दुर्मीळता, असे उत्तर पटकन सुचते. ते पुरेसे नाही. दुर्मीळ तर ती पहिल्या दिवसापासून होती.

१९६२ ते १९६४ या काळात तीन लिटर इंजिनाच्या जीटीओ केवळ ३६ बनल्या. जोत्तो बिझ्झारिनी या अभियंत्याने आराखड्याला आरंभ केला. १९६१ च्या अखेरीस एन्झो फेरारी यांच्याशी बिनसून तो इतर काही सहकाऱ्यांसह बाहेर पडला, तेव्हा विशीतल्या माउरो फोर्गिएरीने ते काम पुढे नेले आणि पत्र्याला रूप दिले ते मोदेनाच्या सेर्जो स्कालिएत्तीच्या कारागिरांनी. नावातील ‘ओ’ म्हणजे ‘ऑमोलोगातो’, अर्थात ‘मान्यताप्राप्त’. ही मान्यताच मोठी गमतीची होती. नियमानुसार या गटातील शर्यतींसाठी वर्षभरात शंभर गाड्या बनणे आवश्यक होते. फेरारीने ही नवी गाडी नव्हेच, आधीच्या २५० जीटीचीच ती सुधारित रचना आहे, अशी भूमिका घेतली आणि ती मान्य झाली. नव्या पुस्तकावर ‘दुसरी आवृत्ती’ असे छापून ते पुढे करावे, तसा हा प्रकार. पुढे ज्या दुर्मीळतेचे एवढे कौतुक झाले, तिचा उगम नियमाच्या अशा सोयीस्कर वाचनात आहे.

नवी असताना तिची अमेरिकेतील किंमत सुमारे १८ हजार डॉलर होती आणि ती कोणाच्या हाती द्यायची याबाबत स्वतः एन्झो फेरारी चोखंदळ असत. तरीही चारपाच वर्षांत, मागे इंजिन असलेल्या नव्या गाड्यांपुढे ती शर्यतीच्या कामाची राहिली नाही. शर्यतीची जुनी मोटार म्हणजे कालचे वर्तमानपत्र. रस्त्यावर वापरायला गैरसोयीची, शर्यतीत निरुपयोगी.

ती वर आली ती तिच्याविषयी लिहिले जाऊ लागले तेव्हा, असे मला वाटते. १९७७ साली जेस पुरे या फ्रेंच अभ्यासकाचा फेरारीच्या २५० जीटी कुळातील शर्यतीच्या गाड्यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोणती गाडी कोणी चालवली, कोठे आपटली, कोणाला विकली, याचा क्रमांकवार शोध घेण्याची परंपरा अशा लेखनातून दृढ झाली. त्याच वर्षी ‘पिंक फ्लॉइड’चे तालवादक निक मेसन यांनी आपली जीटीओ सुमारे ३७ हजार पौंडांना घेतली. जुन्या गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्याने तिला पुन्हा धावण्याची जागाही मिळाली होती. १९८८ साली एन्झो फेरारी वारले आणि भावांना भरतीच आली. दशक संपताना एकेक जीटीओ एक कोटी डॉलरच्या वर गेली आणि नव्वदीच्या पूर्वार्धात ती किंमत एक तृतीयांशावर, काही वेळा त्याहूनही खाली, कोसळली. या सट्ट्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. तो ट्यूलिपच्या कंदांचाही झाला होता. लक्षात घ्यायचे ते हे की, भाव कोसळला तरी ३७ हजार पौंडांपर्यंत तो पुन्हा कधी आला नाही. तोवर या गाड्यांना चरित्र मिळाले होते.

आपल्याकडे वापरलेली गाडी घेतानाही चरित्र पाहतातच. आर. सी. बुकात कितवा मालक, मीटर किती पडले, अपघात झाला आहे का. आणि जाहिरातीत हटकून ‘डॉक्टरांनी वापरलेली’. पण तेथे चरित्र जितके निरस, तितका भाव चांगला. जीटीओच्या बाबतीत नेमके उलटे आहे. घटनांनी भरलेले, परंतु अखंड आणि कागदोपत्री सिद्ध होणारे चरित्र हवे. मूल्यमापन करणारा प्रथम चासीवरील क्रमांक पाहतो, मग इंजिनावरचा, गिअरबॉक्सवरचा, मागच्या आसावरचा. हे क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी ताडतो. शर्यतींच्या जुन्या छायाचित्रांत पत्र्यावरचे पोचे, हवेसाठी पाडलेल्या फटी, दिव्यांच्या जागा न्याहाळतो. पोथीच्या पुष्पिकेतील शक, लेखकूचे नाव, कागद आणि शाई तपासणाऱ्या संशोधकाहून हे काम वेगळे नाही. फरक एवढाच की आपल्या विभागांत एखाद्या पाठभेदाचा प्रश्न तीस वर्षे निवांत लोंबकळत राहू शकतो. येथे धनादेश फाडण्यापूर्वी निर्णय लागतो.

कोणता बदल मूळ संहितेचा भाग मानायचा आणि कोणता प्रक्षिप्त, याचे संकेतही येथे आहेत. वर उल्लेखिलेली २०१८ च्या लिलावातील गाडी, क्रमांक ३४१३, हिने १९६२ साली इटलीतील राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद मिळवले ते एका देहाने. १९६४ साली स्कालिएत्तीच्याच कार्यशाळेत तिला नव्या घाटाचा देह चढवला गेला. म्हणजे विजयाच्या वेळचे बाह्यरूप आज तिच्यावर नाही. तरीही ती अस्सल. कारण बदल तिच्या स्पर्धेच्या आयुष्यात, तिच्या मूळ कर्त्यांकडून झाला. लेखकाने स्वतः केलेला फेरफार आपण दोष मानत नाही. हाच देह १९९० साली कोणी अन्यत्र चढवला असता, तर मोठी रक्कम वजा झाली असती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली होती. तिची या निमित्ताने आठवण होते.

एक सुटा भाग किती महत्त्वाचा ठरू शकतो याचे उदाहरण क्रमांक ३३८७ चे. मार्च १९६२ मध्ये सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत फिल हिल आणि ऑलिव्हिए जांदबिएँ यांनी हीच गाडी चालवून एकूणात दुसरा आणि आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला होता. २०१७ साली ती ४ कोटी ४० लाख डॉलरना विकली गेली. तिचा मूळ गिअरबॉक्स मात्र तिच्यात नव्हता. तो अमेरिकेत तिसऱ्याच माणसाकडे होता आणि तो सोडण्यासाठी त्याची मागणी २५ हजार डॉलरची होती. म्हणजे गाडीच्या किमतीच्या हजारात एक हिस्साही नव्हे. तेवढ्यासाठी खरेदीदार आणि विक्रेता लंडनच्या न्यायालयात, पुढे अपील न्यायालयापर्यंत गेले आणि तो मिळवून देण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आली. गाडी त्या गिअरबॉक्सवाचूनही उत्तम धावत होती. पण पोथीचे एक पान वेगळ्या गावी आहे हे ठाऊक झाल्यावर ती पूर्ण म्हणून विकता येत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार माझ्या माहितीत एका इंग्लिश न्यायाधीशाने केला आहे, आणि तो फेरारीच्या नव्हे तर बेंटलीच्या संदर्भात. ‘ओल्ड नंबर वन’ या टोपणनावाची बेंटली १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिची अनेकदा मोडतोड आणि पुनर्बांधणी झाली. चासी बदलली, इंजिन बदलले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या उतरत्या कठड्यावरून ती बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी मृत्युमुखी पडला. त्यानंतर तिला बंद टपाची सुबक गाडी करण्यात आले. कालांतराने तिचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला. खरेदीदाराने ऐन वेळी पैसे नाकारले. त्याचे म्हणणे, ल मान्स जिंकलेल्या गाडीचे यात उरले आहे काय? १९९० साली न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. १९२९ च्या गाडीचे जवळजवळ काहीही शिल्लक नाही, म्हणून तिला ‘मूळ’ म्हणता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. परंतु ती ‘अस्सल’ आहे, असे ते म्हणाले; कारण ती कधी संपून दुसरी गाडी जन्मली, असा क्षण तिच्या इतिहासात दाखवता येत नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही जगात नाही. खरेदीदाराला पैसे भरावे लागले.

मूळ आणि अस्सल यांतील हा भेद मी पदव्युत्तर वर्गात लोकगीतांच्या संदर्भात अनेकदा समजावून देण्याचा प्रयत्न केला आहे आणि दर वेळी अडखळलो आहे. ओवीत आज एकही शब्द जुना नसेल, तरी ती त्याच जात्यावरची आहे असे आपण कशाच्या बळावर म्हणतो? न्यायमूर्तींचे उत्तर मला पूर्णपणे पटते असे नाही. प्रतिस्पर्धी नाही म्हणून दावा खरा, ही कसोटी तर्काची कमी आणि व्यवहाराची अधिक आहे. उद्या टाकून दिलेली जुनी चासी एखाद्या गोदामात सापडली, तर?

२०१९ साली बोलोन्याच्या न्यायालयाने जीटीओ ही कलाकृती असल्याचा निर्णय दिला आणि तिच्या घाटाच्या प्रतिकृती करण्यास एका कंपनीला मनाई केली. तिच्या कलामूल्याचा पुरावा म्हणून तिला लाभलेले गौरव आणि तिच्यावरचे विपुल लेखन ग्राह्य धरले गेले. येथे जरा थांबायला हवे. लेखनाने किंमत वाढली, किमतीने लेखन वाढले आणि अखेर लेखन हाच कलेचा पुरावा ठरला. आपल्या अभ्यासक्रमांतील काही ग्रंथांचे थोरपण याच वर्तुळात सिद्ध झालेले आहे, हे आपण एकमेकांत बोलतो, लिहीत नाही.

आणि तरी या सगळ्या हिशेबात एक नोंद अशी आहे की जिच्यापाशी माझी मती कुंठित होते. क्रमांक ३८५१ च्या जीटीओवर आंरी ओरेये हा फ्रेंच चालक ७ ऑक्टोबर १९६२ रोजी पॅरिसजवळच्या मोंलेरी येथे अपघातात मरण पावला. १९४८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरून घसरण्याच्या स्पर्धांत दोन सुवर्णपदके मिळवलेला हा माणूस. गाडी दुरुस्त झाली, विकली गेली. १९६५ साली फाब्रित्स्यो व्हिओलाती या इटालियन संग्राहकाने ती घेतली आणि २०१० मधील आपल्या मृत्यूपर्यंत सांभाळली. ऑगस्ट २०१४ मध्ये ती लिलावात आली. पंचेचाळीस वर्षे एकच मालक, हे तिच्या बाजूचे मोठे बलस्थान. ओरेयेचा अपघातही तिच्या चरित्रात होताच, कारण तो वगळला असता तर साखळीत खंड पडला असता. बोली ३ कोटी ४६ लाख ५० हजार डॉलरवर थांबली. लिलावगृहाचा अधिभार धरून ३ कोटी ८१ लाख १५ हजार. तोवरच्या कोणत्याही मोटारीच्या लिलावातील तो उच्चांक होता.