शेक, स्वेद आणि स्नान : कोरियाचे शेकघर आणि मालवणची न्हाणी

सिंधुदुर्ग हा १९९७ साली देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर मालवण, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्याकडे येणाऱ्या पर्यटकाच्या यादीत किल्ला, मासे आणि समुद्रतळाची सफर यांना अढळ स्थान मिळाले. अलीकडे त्यात तेलमर्दन आणि वाफेच्या स्नानाची भर पडली आहे. निवासस्थानांच्या फलकांवर ‘स्पा’, ‘मसाज’, ‘पंचकर्म’ हे शब्द शेजारी-शेजारी दिसतात. दुसरीकडे, कोरियन मालिका पाहणाऱ्या शहरी प्रेक्षकाला टॉवेलची मेंढीच्या शिंगांसारखी टोपी घालून उबदार जमिनीवर लोळणारी कुटुंबे परिचयाची झाली आहेत. या दोन परंपरांत साम्य किती, भेद कोणता आणि सुट्टीवर गेलेल्या माणसाने त्यातून काय घ्यावे, याचा हा परिचय.

जिमजिलबांग म्हणजे काय?

कोरियन भाषेत ‘जिमजिल’ म्हणजे शेक आणि ‘बांग’ म्हणजे खोली. मराठीत सरळ ‘शेकघर’ म्हणता येईल. आजच्या स्वरूपातील शेकघरे १९९०च्या दशकात पसरली. पण त्यामागे दोन जुन्या गोष्टी आहेत. एक, जमिनीखालून ऊब खेळवणारी ‘ओंदोल’ ही घरबांधणीची पद्धत आणि दुसरी, दगड-मातीचा घुमट आतून लाकडाने तापवून त्यात घाम काढण्याची ‘हानजुंग’ ही उपचारपद्धती.

शेकघरात प्रथम स्त्री-पुरुषांच्या स्वतंत्र स्नानगृहांत विवस्त्र होऊन अंग स्वच्छ धुवावे लागते. त्याशिवाय गरम पाण्याच्या हौदात उतरणे असभ्य मानले जाते. अंग मऊ झाले की खरखरीत हातमोज्याने मृत त्वचा घासून काढतात. हा हातमोजा १९६०च्या दशकात बुसान शहरात तयार झाला आणि तो ‘इटली टॉवेल’ म्हणून ओळखला जातो. त्यानंतर सुती कपडे चढवून सर्वांसाठी असलेल्या दालनात जायचे. तेथे मीठ, पिवळी माती यांच्या तापवलेल्या खोल्या असतात, अंग निवविण्यासाठी बर्फाची खोलीही असते. भाजलेली अंडी आणि तांदळाचे गोड पेय हा तेथला ठरलेला अल्पोपाहार. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एकत्र येतात. चैनीपेक्षा कौटुंबिक विसाव्याचे हे ठिकाण आहे.

चरकाचा ‘जेन्ताक’

हानजुंगच्या घुमटाचे वर्णन वाचताना आयुर्वेदाच्या अभ्यासकाला चरकसंहितेतील ‘जेन्ताक स्वेद’ आठवल्याशिवाय राहणार नाही. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साह्याने द्यावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. जेन्ताक त्यांपैकी एक. जलाशयाजवळ सोळा अरत्नी उंची-रुंदीचे, मातीने लिंपलेले गोल घर बांधावे. (कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे एक अरत्नी.) भिंतीलगत चौफेर ओटा ठेवावा, मध्यभागी मातीची भट्टी उभारावी आणि तीत खैरासारखे लाकूड जाळावे. धूर पूर्ण गेल्यावर, अंगाला तेल लावून आणि वस्त्र पांघरून रुग्णाने आत जावे, असे हे विधान आहे.

याहून लक्षणीय आहेत त्या सूचना. घाम घेताना मूर्च्छा आली, तरी रुग्णाने ओट्याचा आधार सोडू नये. सोडल्यास दार सापडणार नाही, असा इशारा आहे. बाहेर आल्यावर लगेच थंड पाणी वापरू नये, थोडा वेळ थांबून कोमट पाण्याने स्नान करावे, असेही सांगितले आहे. कोरियन शेकघरात उष्णतेमागून लगेच गारवा घेण्याची रीत आहे; आयुर्वेदाचा कल त्याच्या नेमका उलट. गर्भवती, मधुमेही, अतिसाराचे रुग्ण आणि मद्यपान केलेले यांना चरक स्वेद वर्ज्य मानतो. हृदय व डोळे यांना तर सौम्यच शेक द्यावा, असा दंडक आहे.

राजाने विचारलेला प्रश्न

कोरियात हीच चिंता राजदरबारापर्यंत पोहोचली होती. सेजोंग राजाच्या (राज्यकाल १४१८ ते १४५०) दरबारी नोंदींत १४२२ सालचा एक आदेश आहे. घाम काढल्याने रोग बरा होईल या आशेने स्वेदगृहात आलेले काही रुग्ण दगावत होते. राजाने फर्मावले, की या उपचाराचा लाभ होतो की नाही, याची चौकशी करावी. लाभ नसेल तर तो बंद करावा आणि असेल तर जाणत्या वैद्याने तेथे रोज लक्ष ठेवावे. सहाशे वर्षांनंतर कोणत्याही स्वेदगृहाच्या दारात उभे राहून विचारण्यासारखा हाच प्रश्न आहे : याचा मला उपयोग आहे का आणि आत लक्ष ठेवणारा कोण आहे?

मालवणी न्हाणीची परंपरा

कोकणातील घराला स्पा हा शब्द नवा असला, तरी त्यामागची क्रिया नवी नाही. चुलीवर हंड्यात तापणारे पाणी, खोबरेल तेलाचे मर्दन, टाचा घासायची वजरी आणि सुकलेल्या घोसाळ्याची जाळी ही न्हाणीघरातील सामग्री. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल आणि उटणे लावून अभ्यंगस्नान करायचे आणि तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडायचे, हा सिंधुदुर्गातील आजही जिवंत असलेला रिवाज आहे. उटण्यात आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी अशी द्रव्ये असतात. कोकमाच्या बियांपासून काढलेले ‘भिरंडेल’ पायांच्या भेगांवर लावतात. ते साध्या तापमानाला घट्ट राहते आणि अंगाच्या उबेने मऊ होते, म्हणूनच भेगांत मुरते.

बाळंतिणीचे न्हाणे हा या परंपरेचा सर्वात संघटित भाग. मर्दन, कढत पाण्याचे स्नान, शेक आणि धुरी असा क्रम सव्वा महिना चालतो. कोरियातही प्रसूतीनंतर मातेला उबदार खोलीत ठेवून समुद्रशेवाळाचे सूप देण्याची पद्धत आहे. दोन्हीकडे विश्रांती आणि ऊब यांचा आग्रह सारखाच. मात्र येथे एक धोका स्पष्टपणे सांगायला हवा. दारे-खिडक्या बंद करून निखाऱ्याची शेगडी ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला वास नसतो आणि तो आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. शेक हवा असल्यास गरम पाण्याची पिशवी वापरावी. शेगडी व धुरी बंद खोलीत नको.

मसाज म्हणजे पंचकर्म नव्हे

वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही पाच कर्मे. स्नेहन म्हणजे तेल-तुपाचा वापर आणि स्वेदन म्हणजे घाम काढणे, ही त्यांची पूर्वतयारी. कपाळावर तेलाची धार धरण्याची शिरोधाराही या पाचांत नाही. त्यामुळे तासाभराच्या मसाजाला ‘पंचकर्म’ म्हणणे चुकीचे आहे. खऱ्या शोधनकर्मास नाडी-प्रकृतीची तपासणी, पथ्य आणि नंतरचा विश्रांतीकाळ लागतो. दोन दिवसांच्या सहलीत ते बसत नाही. ऋतूचाही विचार असतो. बस्तीसाठी वर्षा ऋतू योग्य मानला आहे. मालवणात जलक्रीडा बंद असण्याचा आणि गर्दी ओसरण्याचा काळही तोच. सवड असेल, तर उपचारासाठी पावसाळ्यातच येणे शहाणपणाचे. जिल्ह्यात सावंतवाडी येथे भाईसाहेब सावंत आयुर्वेद महाविद्यालय आहे. रुग्णोपचार हवा असणाऱ्याने समुद्रकिनारी फलक शोधण्याआधी अशा संस्थेतील वैद्याचा सल्ला घ्यावा.

घामावाटे शरीरातील ‘विषे’ निघून जातात, हा दावाही तपासून घ्यावा. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम प्रामुख्याने यकृत आणि मूत्रपिंडे करतात. वाफेनंतर काट्यावर घटलेले वजन हे गेलेल्या पाण्याचे असते, ते दोन पेले पाणी पिताच परत येते. स्नायू सैल होणे, झोप लागणे, मन शांत होणे हा लाभ मात्र खरा आहे आणि सुट्टीसाठी तेवढा पुरेसाही आहे.

काय काळजी घ्याल?

* उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि हृदयाची गती वाढते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, मधुमेह, गर्भावस्था वा ताप असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाफ घेऊ नये.
* मद्यपानानंतर वाफेच्या खोलीत कदापि जाऊ नये.
* स्कूबा डायव्हिंग केलेल्या दिवशी कढत स्नान, वाफ आणि जोरकस मर्दन टाळावे. डायव्हिंगनंतर काही काळ रक्तात व ऊतींत नायट्रोजन विरघळलेला असतो. तीव्र उष्णतेने त्याचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. शिवाय मर्दनानंतरची अंगदुखी आणि डायव्हिंगमधील दुखापत यांत गल्लत होऊ शकते.
* उन्हाने भाजलेल्या त्वचेवर उटणे वा खरखरीत हातमोजा घासू नये.
* किनाऱ्यावरील दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. म्हणून प्रथम पाच ते दहा मिनिटांचीच वाफ घ्यावी. चक्कर वा मळमळ जाणवताच बाहेर यावे आणि पाणी प्यावे.
* उपचाराच्या नावाखाली शुल्क आकारले जात असेल, तर वैद्याची पदवी व नोंदणी क्रमांक पाहावा. तेलाच्या बाटलीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक आहे ना, हे तपासावे.
* स्त्रियांसाठी स्त्री आणि पुरुषांसाठी पुरुष उपचारक मागण्यात संकोच नको. चादर व टॉवेल धुतलेले असावेत आणि नको वाटल्यास उपचार मध्येच थांबविण्याचा आपला हक्क ध्यानी ठेवावा.

कसे जाल?

कोकण रेल्वेने कणकवली, सिंधुदुर्गनगरी वा कुडाळ येथे उतरून रस्त्याने मालवण गाठता येते; कुडाळ-मालवण अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. मालवणहून तारकर्ली सात-आठ किलोमीटरवर. चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. विमानसेवेचे वेळापत्रक निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. नैसर्गिक गरम पाण्याचे स्नान हवे असल्यास वाटेत रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यातील तुरळ व राजवाडी आणि राजापूरजवळील उन्हाळे येथे झरे आहेत. तेथेही कुंडात उतरण्यापूर्वी अंग धुण्याची कोरियन शिस्त पाळली, तर पाणी सर्वांसाठी स्वच्छ राहील.