चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले का?

गिरगाव, दादर किंवा लालबागमध्ये चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे सोपे आहे. नवा चष्मा लावला की स्पष्ट दिसते आणि डोळे ठीक आहेत असे आपण समजतो. पण नंबरावरून डोळ्याच्या आतला पडदा, नस आणि दाब यांची स्थिती कळत नाही.

कोण काय करते?
ऑप्टिशियन चष्मा बनवून देतात. ऑप्टोमेट्रिस्ट या विषयाचे पदवीधर असतात; ते नंबर काढतात, डोळ्याचा दाब मोजतात आणि आजाराची शंका आल्यास पुढे पाठवतात. नेत्रतज्ज्ञ डॉक्टर निदान, औषधे, लेझर व शस्त्रक्रिया करतात.

संपूर्ण तपासणीत काय होते?
नजर, डोळ्याचा दाब (साधारण १० ते २१) आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा व नस पाहिली जाते. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते. त्यामुळे स्वतः गाडी चालवू नका. लोकलने जात असाल तर सोबत कोणालातरी न्या.

डोळ्यांचा शरीराशी संबंध
बारीक रक्तवाहिन्या काहीही न कापता थेट दिसतात, अशी जागा म्हणजे हा पडदा. मधुमेह आणि रक्तदाबाचे परिणाम तिथे दिसतात. सुरुवातीला दुखत नाही, नजरही चांगली असते. म्हणूनच 'मला तर नीट दिसतंय' यावर विसंबू नका. साखर खूप वाढलेली असताना नंबर तात्पुरता बदलतो. ती आटोक्यात आल्यावरच नवा चष्मा करा.

तपासणी कधी करावी?
• टाइप २ मधुमेह: निदान होताच, मग साधारण दरवर्षी.
• टाइप १ मधुमेह: निदानानंतर पाच वर्षांच्या आत सुरुवात, मग साधारण दरवर्षी.
• आधीपासून मधुमेह असताना गरोदर राहिल्यास: पहिल्या तीन महिन्यांत.
• आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असल्यास: चाळिशीची वाट न पाहता.
• टीबीसाठी इथम्ब्युटॉल चालू असल्यास: सुरुवातीला, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा. नजर कमी झाली किंवा लाल-हिरवा रंग फिका वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. स्वतःहून टीबीचा सगळा कोर्स मात्र सोडू नका.

थांबू नका
अचानक दिसेनासे होणे, नव्याने चमक व खूप काळे ठिपके दिसणे, नजरेसमोर पडदा ओढल्यासारखे वाटणे, किंवा लाल डोळ्यासह तीव्र वेदना व उलट्या: अशा वेळी दुकानात जाऊ नका. परळचे केईएम, भायखळ्याचे जे. जे. किंवा जवळचे रुग्णालय गाठा.

तपासणीला जाताना जुना चष्मा, चालू औषधांची यादी, साखरेचे (एचबीए१सी) आणि रक्तदाबाचे कागद न्या. डोळ्यांचा रिपोर्ट आपल्या फॅमिली डॉक्टरांनाही दाखवा. पडद्यावर बदल दिसले तर साखर आणि रक्तदाबाच्या उपचारांचाही पुन्हा विचार करावा लागतो.