पटकीचे विष आणि शंभुनाथ डे

संशोधकाची थोरवी त्याच्या निबंधांच्या संख्येवर मोजण्याची चाल आम्हांस मान्य नाही. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांचे कार्य पाहावे.

पटकीचा, म्हणजेच कॉलऱ्याचा, जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यातच वेगळा केला. तो विष निर्माण करीत असावा, असा तर्कही त्यांनी केला. परंतु पुढे पाऊणशे वर्षे त्या विषाचा खात्रीचा पुरावा मिळाला नाही. रोग आतड्याचा, आणि जंतू टोचले जात ते प्राण्यांच्या शरीरात अन्यत्र! डे यांनी १९५३ साली सहकाऱ्यासह सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्हीकडून बांधून त्यात जंतू सोडले. तो द्रवाने टम्म फुगला. १९५९ साली त्यांनी जंतू गाळून उरलेला द्रवच सोडला, तरीही तोच परिणाम! विष जंतूच्या बाहेर पडते, हे सिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्त, पानसे व कुलकर्णी यांनीही सशांच्या पिलांवरील प्रयोगांतून विषाचे कार्य दाखविले.

या विषाचा एक भाग पेशीला चिकटतो व दुसरा आत शिरून क्षार आणि पाणी बाहेर लोटावयास लावतो, हे रेणवीय जीवशास्त्राने पुढे उलगडले. चिकटणारा निरुपद्रवी भाग तोंडावाटे द्यावयाच्या एका लशीतही आला.

१९७८ साली डे यांना नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना हयातीत आपले सदस्यत्व दिले नाही. १९८५ साली ते निवर्तले. घरचे मोठेपण बाहेरच्यांनी सांगितल्यावाचून न ओळखणे, ही आमची जुनी खोड आहे. ती आता तरी सुटावी.