नववीची सहल आणि पाण्याखालची मुळशी

नववीची मुळशीची सहल तुम्हाला आठवत असेलच. धरणाच्या काठावर डबे उघडले, भेंड्या रंगल्या. तेवढ्यात आपल्यातलीच एक मैत्रीण पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आमचं गाव तिथं खाली आहे." आपण सगळे हसलो. परतीच्या वाटेवर ती गप्प होती, हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता मी रोज मुळा ओलांडून हिंजवडीला नोकरीला जाते. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. रोज तीच नदी पाहून तो प्रसंग आठवायचा, म्हणून वाचायला लागले.

मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळचं हे खोरं आंबेमोहोर तांदळाचं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि घाटमाथ्यावर पाऊस भरपूर. टाटांच्या कंपनीने इथे धरण बांधायचं ठरवलं आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारने जमिनी घेतल्या. सुमारे ५० गावांवर गदा आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्यात बायकाही होत्या. काम काही महिने थांबलं. पुन्हा सुरू झालं, तेव्हा लोक पुन्हा उभे राहिले आणि तुरुंगात गेले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. बापट इंजिनिअरिंग शिकायला विलायतेला गेलेले. 'सेनापती' ही पदवी त्यांना मिळाली ती याच लढ्यात. १९२४ साली त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा मावळला. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं.

इंजिनिअर म्हणून मला ती योजना आजही थक्क करते. मुळेचं पाणी स्वभावाने पूर्वेला, भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाणारं. ते अडवून सह्याद्रीच्या पश्चिमेला वळवलं, सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडलं आणि त्यावर वीज केली. आज तेच पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला राफ्टिंग करताना आपण त्याच पाण्यावर आरडाओरडा करतो.

हा लढा का हरला? सरकार आणि कंपनी बलाढ्य होती, हे एक कारण. दुसरं कारण आपल्या पुण्यातलं. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. कसणारी कुळं वेगळी. सावकारांना जमिनीपेक्षा मोबदल्याचे रोख पैसे सोयीचे वाटले. पैसा कागदावर नाव असणाऱ्याला मिळाला, घर गेलं ते राबणाऱ्याचं.

हे वाचताना मी इतरांना दोष देत होते. गेल्या वर्षी आमचा पेठेतला वाडा पुनर्विकासासाठी रिकामा करताना पणजोबांची चोपडी सापडली. तीत मुळशी पेट्यातल्या जमिनीच्या मोबदल्याची रक्कम जमा आहे आणि पुढच्याच पानांवर माडीच्या लाकडाचा, चुन्याचा, सुताराच्या मजुरीचा खर्च. त्याच माडीवर आपण पाच-सहा जणी दहावीचा अभ्यास करत होतो. आई पोहे द्यायची. ती मैत्रीणही असायची.

बाई, तुम्ही वर्गात सांगायचात, की इतिहास सनावळ्यांत नसतो, घरात शोधा. मी तीस वर्षं उशिरा शोधला. सापडला तो मिरवण्यासारखा नाही. पण आपल्या अंकात लिहायचा तर हाच लिहायला हवा असं वाटलं.

मेळाव्याला येताना ती चोपडी बरोबर आणते आहे. मैत्रिणीला दाखवणार आहे. आणि सहलीच्या दिवशी आपण कुणीच विचारलं नाही, ते विचारणार आहे : तुमच्या गावाचं नाव काय होतं गं?