कन्यादान आणि बापाचा होकार
कन्यादानात वडील मुलीचा हात वराच्या हाती देऊन पाणी सोडतात. बाप रुसून बसला, तर मामा किंवा काका पुढे होतो. विधी सहसा अडत नाही. अडत असे ते होकारापाशी. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी विवाहाची वाट उघडली, पण २१ वर्षांखालील वधूला वडिलांची किंवा पालकाची संमती लागेच. १९५४ च्या कायद्याने १८ वर्षे पूर्ण झालेल्या मुलीला त्यातून मोकळे केले. तीस दिवसांची जाहीर नोटीस मात्र ठेवली, म्हणजे घरी कळण्याची धास्ती कायमच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात सप्तपदीचा उल्लेख आहे, कन्यादानाचा नाही.