कापूस, पडदा आणि मीठ

सोलापुरात कापूस म्हटला की चादर आणि टॉवेलच आठवणार. पण कापूस ज्याचा बनतो त्या सेल्युलोजला आणखी एक कसब येते, मीठ गाळण्याचे. 1861 साली लंडनमध्ये थॉमस ग्रॅहॅम यांनी गंधकाम्लात बुडवून काढलेला कागद डफावर कातडे ताणावे तसा कड्यावर ताणला, त्यात द्रावण ओतले आणि कडे पाण्यावर ठेवले. मीठ खाली पाण्यात उतरले, डिंक वर राहिला. (हे गृहस्थ तेव्हा सरकारी टांकसाळीचे प्रमुख होते!) या क्रियेला डायलिसिस हे नाव त्यांनीच दिले.

पुढे 1943 साली जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजसाठीच्या सेलोफेन नळीतून रुग्णाचे रक्त फिरवले. सेलोफेन म्हणजेही सेल्युलोजच. पहिला जीव वाचायला मात्र 1945 उजाडले.

प्रथिनांचे वजन करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला मीठ मुळीच चालत नाही. सोडियम रेणूला चिकटते आणि एकाच प्रथिनाची अनेक वजने दिसू लागतात. त्यात तान्ह्या बाळाचे थेंबभर रक्त पुन्हा पुन्हा मागता येत नाही. 1998 साली अमेरिकेत रिचर्ड स्मिथ यांच्या गटाने असा पडदा दोन चिपांमध्ये दाबून बसवला. एका बाजूच्या अरुंद, नागमोडी खोबणीतून नमुना जातो, दुसऱ्या बाजूने स्वच्छ द्राव. कौतुक चिपचे होते. मला मोल वाटते ते पडद्याचे. अर्थात खोबणीचा वाटाही मोठा. अंतर निम्मे झाले की मीठ पसरायला चौथाई वेळ पुरतो, म्हणून तासांचे काम मिनिटांवर आले.