हायपरकार्ड

हायपरकार्ड : माहिती कार्डांच्या स्वरूपात साठवून ती कार्डे परस्परांशी जोडण्याची सोय असलेली, ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश या वैयक्तिक संगणकासाठी तयार झालेली आज्ञावली. तिचे जनक बिल ॲटकिन्सन (१९५१–२०२५) होत. ऑगस्ट १९८७ मध्ये ती प्रसृत झाली. तिच्यातील ‘हायपरटॉक’ ही सोपी आज्ञाभाषा डॅन विंकलर यांनी रचली. नव्या मॅकिंटॉशबरोबर ती प्रारंभी विनामूल्य मिळे. त्यामुळे व्यावसायिक नसलेल्या शिक्षक, ग्रंथपाल व हौशी व्यक्तींनीही अनेक कार्डसंग्रह तयार केले.

पूर्वपीठिका : माहिती सुट्या पत्रकांवर नोंदविण्याची पद्धत जुनी आहे. पुणे येथील डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली हाती घेतलेल्या संस्कृत महाकोशासाठी सु. एक कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. अशा संग्रहात प्रत्येक चिठ्ठीला वर्णानुक्रमाने एकच जागा असते आणि चुकीच्या जागी गेलेली चिठ्ठी हरवल्यात जमा होते. एका नोंदीवरून थेट दुसऱ्या संबंधित नोंदीकडे जाता यावे, ही कल्पना व्हॅनिव्हर बुश यांनी १९४५ मध्ये ‘मेमेक्स’ या नियोजित यंत्राच्या वर्णनात मांडली. टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये तशा लेखनास ‘हायपरटेक्स्ट’ ही संज्ञा दिली.

मार्गक्रमण : हायपरकार्डमध्ये कार्डाचा संग्रहातील क्रम आणि वाचकाने चाललेली वाट या दोन भिन्न गोष्टी असतात. वापरणाऱ्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आढळते. उदा., नागपूरच्या तलावांविषयी एक संग्रह आहे असे मानू. शुक्रवारी तलावाच्या कार्डावरील कळ दाबताच वाचक देवगडचा गोंड राजा चांद सुलतान याच्या कार्डावर येतो. आता ‘प्रिव्ह’ ही आज्ञा दिल्यास तो तलावाकडे परतत नाही. क्रमाने आधी असलेले, कदाचित अंबाझरीचे, कार्ड पुढे येते. आल्या वाटेने परतण्यासाठी ‘बॅक’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. शिवाय कार्डांचा क्रम वर्तुळाकार असल्याने शेवटच्या कार्डानंतर पुन्हा पहिलेच येते आणि संग्रह संपला हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. यावर ‘रीसेंट’ हा उपाय योजलेला होता. त्यात नुकत्याच पाहिलेल्या ४२ कार्डांची लघुचित्रे एकत्र दिसत व हव्या त्या चित्रावर निर्देश करून तेथे जाता येई.

दोष व निवारण : बाणांच्या कळांनी कार्ड बदलेनासे झाल्यास ‘टेक्स्ट ॲरोज’ हा पर्याय चालू आहे का, हे प्रथम पाहावे लागे, तो चालू असता त्या कळा मजकुरातील दर्शक हलवीत. कळ दाबल्याचा संदेश कार्ड, पार्श्वभूमी, संग्रह व ‘होम’ संग्रह अशा क्रमाने वर जात असे. मधल्या एखाद्या पातळीवरील आज्ञांनी तो अडवून पुढे धाडला नाही, तर कळ निर्जीव भासे. दुवा कार्डाच्या क्रमांकाशी बांधलेला असल्यास मध्ये नवे कार्ड घालताच तो भलतीकडे नेई. म्हणून कार्डाच्या कायम ओळख-अंकाशी दुवा बांधणे इष्ट ठरे. वापराच्या पाच पातळ्या असून खालच्या पातळीवर आज्ञासूची आखूड होई. कित्येक संग्रहकर्ते सूचीची पट्टीच लपवीत. ती कमांड व स्पेस या कळांनी परत आणता येई. कमांड व ऑप्शन एकत्र दाबून अदृश्य कळांच्या सीमारेषाही पाहता येत. ‘होम’ संग्रह जागेवरून हलविला गेल्यास तो कोठे आहे, असे आज्ञावली स्वतःच विचारी.

हे दोष केवळ एका आज्ञावलीचे नव्हते. जेफ काँक्लिन यांनी १९८७ मध्येच हायपरटेक्स्टचे सर्वेक्षण करताना, आपण कोठे आहोत याचे वाचकाचे भान सुटणे, ही या पद्धतीची एक मूलभूत अडचण म्हणून नोंदविली होती.

उत्तरकाल : १९९३ मधील ‘मिस्ट’ हा गाजलेला संगणकीय खेळ मूळ मॅकिंटॉशवर हायपरकार्डच्या आधारे रचलेला होता. पेई वेई यांच्या ‘व्हायोला’ या प्रारंभीच्या जाल-न्याहाळकामागेही हायपरकार्डची प्रेरणा होती. मागे जाण्याची व मुखपृष्ठाकडे परतण्याची सोय पुढील काळातील न्याहाळकांतही सर्वपरिचित झाली.

‘मॅक ओएस टेन’ या नव्या प्रणालीसाठी हायपरकार्डची आवृत्ती निघाली नाही. मार्च २००४ मध्ये तिची विक्री थांबली आणि ॲपलच्या २००७ मधील प्रणालीतून जुन्या आज्ञावली चालविण्याची सोयही वगळण्यात आली. त्यामुळे चकत्यांवर शाबूत असलेले संग्रहही नव्या यंत्रांवर थेट उघडेनासे झाले. २०१७ मध्ये इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने जुन्या मॅकिंटॉशचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावलीच्या साह्याने असे संग्रह पुन्हा पाहण्याची व्यवस्था केली. कार्डांवरील मजकूर उतरवून घेतल्याने अशा संग्रहाचे पूर्ण जतन होत नाही. कोणती कळ कोठे नेते हेही त्याच्या आशयाचाच भाग असल्याने मजकुराबरोबर वाटाही राखाव्या लागतात.